भाचा कामाला ठेवता येत नाही

वरणगावच्या ऑर्डनन्स फॅक्टरीत तोताराम पाटलांची सगळी नोकरी झाली आणि तिथे त्यांना काही कळलं नाही असं कधी झालं नाही. तिथे प्रत्येक पेटीवर लिहिलेलं असायचं: वर कोणती बाजू, खाली कोणती आणि कशापासून लांब राहायचं. निवृत्त होऊन जळगावात घर बांधल्यावर त्यांच्या लक्षात आलं, की बाहेरच्या जगात माणसांवर असं काहीच लिहिलेलं नसतं. तेव्हापासून त्यांचा थोडा गोंधळ चालूच होता. दीपकसाठी माणूस ठेवायची वेळ आली, तेव्हा तो पूर्णत्वाला गेला.

दीपक हा त्यांचा मुलगा, वय चोवीस. जन्मापासून सेरेब्रल पाल्सी. "डोकं सगळ्यांच्या पुढे आणि हातपाय सगळ्यांच्या मागे," असं तोताराम लोकांना समजावून सांगत, आणि लोक हळहळून तोतारामांनाच पाणी आणून देत. दीपक चाकाच्या खुर्चीत बसे, सावकाश बोले, आणि उजव्या हाताच्या एका बोटानं कॉम्प्युटर चालवी. त्या एका बोटावर त्यानं बी.कॉम. केलं आणि आता एमआयडीसीतल्या एका चटई कारखान्यात नोकरी मिळवली होती. गावोगावच्या दुकानदारांकडून येणाऱ्या तक्रारींना मेलवर उत्तरं द्यायची. चटईचा रंग उडाला, चटईची सुरळी सुटत नाही, चटई फोटोत होती तेवढी लांब नाही. मालक म्हणाले होते, "काम तुला येतं. खुर्ची तुझी तुझ्याकडे आहेच. ने-आण, जेवण, बाथरूम यासाठी माणूस मात्र तुझा तू आण. सोमवारपासून ये."

इतकी वर्षं तो माणूस म्हणजे तोतारामच होते. पण त्यांच्या कंबरेचा मणका सरकला होता, डॉक्टरांनी हातभर रुंदीचा पट्टा बांधला होता आणि सांगितलं होतं, की गव्हाची पिशवीसुद्धा उचलायची नाही. दीपक गव्हाच्या पिशवीपेक्षा बराच जड होता. म्हणजे सोमवारच्या आत माणूस सापडला, तर नोकरी. नाही सापडला, तर चटया त्यांच्या तक्रारींसह दुसऱ्याकडे जाणार.

"मुलाखत... मी घेणार," दीपक म्हणाला.

"घे ना," तोताराम म्हणाले. "मी नुसता शेजारी बसतो."

पहिला आला झुलाल. दंड असे, की दीपकला खुर्चीसकट उचलेल.

"बसा. गाव कोणतं?" तोतारामांनी नुसतं शेजारी बसून विचारलं.

"भुसावळ."

"भुसावळ हे स्टेशन झालं. गाव कोणतं?"

गाव निघालं. गावातून आडनाव निघालं, आडनावातून काका निघाला, आणि काका निघाल्यावर तोतारामांचा चेहरा पडला. दीपकची थोरली बहीण पुनम, तिच्या लग्नात टोपी-टॉवेलचा आहेर हलका आहे म्हणून ज्या गृहस्थांनी टॉवेल मांडवातच टाकून दिला होता, ते हेच काका. झुलालला चहा मिळाला, बिस्किटं मिळाली आणि "कळवतो" हा शब्द मिळाला.

"आबा," दीपक म्हणाला, "टॉवेल... त्याच्या काकानं टाकला."

"रक्त एकच ना!"

"मला रक्त... नको. उचलायला..."

"माणूस पाहिजे," आबांनी वाक्य पुरं केलं. मुलाची वाक्यं पुरी करणं ही त्यांची जुनी सेवा होती. "मिळेल. घाई करू नको."

दुसरा आला उखर्डू. बऱ्हाणपूरकडचा, शांत, हातात डबा. या वेळी दीपकनं आबांच्या आधी तोंड उघडलं. "मला बोलायला... वेळ लागतो. तू... थांबशील का?"

वाक्य संपेपर्यंत उखर्डू थांबला. संपल्यावरही थोडा थांबला, न जाणो अजून काही असलं तर. मग म्हणाला, "थांबतो की. मला कुठं जायचंय?"

दीपकचा चेहरा उजळला. पण तोतारामांची चौकशी अजून व्हायची होती, आणि ती उन्हं कलेपर्यंत चालली. सोयरे झाले, साडू झाले, सुनांची माहेरं झाली. काही लागेना. शेवटी भावकीतल्या कोणाचा जुना ट्रॅक्टरसुद्धा उखर्डूच्या गावी विकलेला निघेना. तोताराम घामाघूम झाले. साठी उलटून गेली तरी असा माणूस त्यांनी पाहिला नव्हता.

"ज्याचं आपल्याशी काहीच लागत नाही, त्याच्या हातात पोरगं द्यायचं?" उखर्डू गेल्यावर ते म्हणाले. "उद्या काही कमीजास्त झालं तर बोलायचं कोणाशी? नातं असलं म्हणजे मधे कोणीतरी असतो."

शेजारचे इंदरचंद शेठ कंपाउंडच्या भिंतीवर कोपर टेकवून हे ऐकत होते. त्यांचं कापडाचं दुकान होतं आणि ते स्वतः मारवाडी असले तरी मराठीत सल्ला देण्यात कोणाला हार जाणारे नव्हते.

"तोतारामभाऊ, रेल्वेचा ड्रायव्हर तुमचा कोण लागतो? तरी बसता ना गाडीत?"

"म्हणून तर मी एस.टी.नं जातो," तोताराम म्हणाले. "डेपोत आपले तीन जण आहेत."

तिसरा माणूस धुळ्याहून पुनमनंच पाठवला. नवल त्याचं नाव. तिशीच्या आतला, हसरा, मोबाइलवर क्रिकेट बघत बघत आला. धुळ्याच्या एका दवाखान्यात वॉर्डात काम केलेलं, त्यामुळे उचलणं, अंघोळ घालणं, कपडे बदलणं सगळं येत होतं. दीपक आपला प्रश्न विचारायला श्वास घेत होता तेवढ्यात आबांनी विचारलं, "आईचं माहेर?"

"टेंभे. शिरपूरजवळचं."

तोताराम उठून उभे राहिले. पट्टा करकरला. टेंभे हे त्यांचं स्वतःचं गाव होतं. एवढ्या वर्षांच्या नोकरीत घासून-पुसून शहरी झालेली त्यांची भाषा एका क्षणात गावच्या अहिराणीवर परत गेली.

"टेंभानी? तुन्ही मायनं नाव काय शे?"

"दिपमाला."

"चावडीमागली दिपमाला! आमना गावनी पोर!" तोतारामांचा आवाज चढला. "अरे, तिन्हा लगीनमा मी बुंदी वाढी शे! तू ते मना भाचा शे! बठ्ठा गावना भाचा!"

आणि डॉक्टर, मणका, पट्टा हे सगळं बाजूला ठेवून ते खाली वाकले आणि त्यांनी नवलचे पाय धरले. नवल घाबरून सोफ्यावर चढला.

परगावच्या वाचकाला इथे थोडं सांगायला हवं. आपल्या गावची लेक म्हणजे आपली बहीण, आणि बहिणीचा मुलगा म्हणजे भाचा. मामानं भाच्याच्या पाया पडायचं असतं, भाच्याला आपल्या पायाला हात लावू द्यायचा नसतो, आणि त्याच्याकडून काम करून घ्यायचं तर नावही काढायचं नसतं. शंभर ब्राह्मण जेवू घालणं आणि एक भाचा जेवू घालणं सारखंच, असं इकडे म्हणतात. हिशेबानं पाहिलं तर भाचा पुष्कळ स्वस्त पडतो. त्यामुळे खान्देशात भाच्यांना कधी उपाशी राहावं लागत नाही.

"अहो, ऐकलं का?" तोतारामांनी आत हाक मारली. "भाचा आला आहे!"

त्यांच्या पत्नी भिकुबाई बाहेर आल्या, पदर सावरून नवलच्या पाया पडल्या आणि वांगी भाजायला आत गेल्या. मुलाखत संपली आणि पंगत सुरू झाली. दीपकचे प्रश्न त्याच्या ओठांवर तसेच राहिले.

सोमवारच्या आधी दोघांना एकमेकांची सवय व्हावी म्हणून नवल तिथेच राहायला आला. सवय त्याला झाली, पण दीपकची नाही, वांग्याच्या भरताची. सकाळी तो दीपकचे बूट उचलायला गेला, की तोताराम धावत. "अरे अरे! पाप लावतोस का आम्हाला? ठेव खाली!" मग पट्टा सैल करून ते स्वतः खाली बसत, दीपकच्या पायात बूट चढवत, आणि नवल शेजारी उभा राहून बघे. अंघोळीला नवल बादली भरू लागला, की तोताराम बादली काढून घेत. आत बाप मुलाला अंघोळ घालतोय आणि बाहेर बाजेवर भाचा टरबूज खातोय, असा देखावा रोज दिसू लागला. तोतारामांची कंबर संध्याकाळी अशी धरे, की त्यांना उठवायला दोन माणसं लागत. त्यांतला एक नवल असू शकला असता, पण तेही चालण्यासारखं नव्हतं. थोडक्यात, घरात माणूस ठेवला होता, आणि आता त्याला सांभाळायला दुसरा माणूस ठेवायची वेळ आली होती.

एकदा नवलनं तोतारामांना कूलरमागे गाठलं.

"मामा, हात जोडतो. मला काम सांगा."

"तू आराम कर. ऊन किती आहे!"

"आराम करूनच थकलो ना! आई फोनवर विचारते, काम कसं आहे? मी सांगतो, शेवभाजी चांगली आहे. ती म्हणते, अरे काम! मी सांगतो, काल फौजदारी डाळ होती. मामा, माझी पँट होईना."

"दिपमालाला माझा नमस्कार सांग," तोताराम म्हणाले. त्यांना त्याची अडचण काही कळली नाही. चांगला मुलगा होता, वळणाचा होता, नात्यातला होता. मग घरात सगळे असे नाराज का? स्वतः ते आजवर इतके दमले नव्हते, तरी ते नाराज नव्हते.

त्या रात्रीच्या जेवणाआधी दीपकनं त्यांना समोर बसवलं.

"आबा. मी... माणूस मागितला. तुम्ही..."

"भाचा दिला."

"देव... आणून बसवलात." दीपकनं दम घेतला. "सोमवारी... ऑफिसात... मला बाथरूमला... कोण नेणार?"

"मी येईन की! मी काय रिकामाच आहे."

"मग नोकरी... कोणाला लागली?"

तोतारामांनी या प्रश्नाचा सर्व बाजूंनी विचार केला. उत्तर प्रत्येक बाजूनं वेगळं येत होतं.

दुसऱ्या दिवशी ते इंदरचंद शेठकडे गेले. शेठ दुकानात कापडाचं ठाण उलगडत होते.

"नवलला काढून टाका," शेठ म्हणाले.

"भाच्याला घरातून काढू? टेंभ्यात तोंड कसं दाखवू?"

"मग पगार देऊन काम घ्या."

"भाच्याला पगार देत नाहीत, शेठ. दक्षिणा देतात. आणि दक्षिणा दिली की उलट पायाच पडावं लागतं."

शेठनी ठाण खाली ठेवलं. हा सौदा त्यांनाही नवा होता. थोडा वेळ त्यांनी पंख्याकडे पाहिलं आणि मग त्यांचे डोळे चमकले. "भाऊ, तुम्ही एकच बाजू पाहिली. आईकडची. या कापडाला उलटी बाजू असते, माणसाला बापाकडची असते. तिकडून दुसरं नातं काढा. कामाला चालेल असं."

हे तोतारामांना एकदम पटलं. नातं अडलं तर त्यावर उपाय आणखी एक नातं, हे त्यांना स्वतःला कसं सुचलं नाही? ते स्कूटर दामटत घरी आले. तर स्वयंपाकघरात त्यांच्याआधीच चमत्कार होऊन गेला होता.

झालं होतं असं, की भिकुबाई नवलसाठी खापरावर मांडे करत होत्या. मांडा हातावर फिरवता फिरवता त्यांनी सहज विचारलं होतं, "तुम्ही धुळ्याचेच का रे मूळचे?"

"नाही मामी. आजोबा गिरणीत लागले म्हणून धुळ्याला आले. मूळ आम्ही बोदवडकडचे, नाडगावचे."

मांडा भिकुबाईंच्या हातावरच राहिला. नाडगाव हे त्यांचं माहेर होतं. आपल्या माहेरचा मुलगा म्हणजे आपला भाऊ.

"नाडगावचा?" त्या म्हणाल्या. "म्हणजे तू माझा भाऊ! आणि मी इतके दिवस तुझ्या पाया पडते आहे? वांगी भाजते आहे? ऊठ रे ऊठ! ते पातेलं घे आधी. आणि दिवाळीला मला साडी लागेल, आताच सांगून ठेवते."

तोताराम आत आले तेव्हा नवल पातेलं घासत होता आणि इतका आनंदी दिसत होता, की त्यांना आधी वाटलं, भारत मॅच जिंकला. खुलासा झाल्यावर ते भिंतीला टेकून उभे राहिले. बायकोचा भाऊ! म्हणजे हा आपला मेहुणा! मेहुण्याला काम सांगता येतं. सांगता येतं काय, मेहुणा असतोच त्यासाठी. पण मग भाच्याचं काय करायचं? भाचा काही कुठे गेला नव्हता, तोही तिथेच पातेलं घासत होता.

"म्हणजे सकाळी मी तुझ्या पाया पडायचं," त्यांनी सावकाश विचारलं, "आणि दुपारी तुला बाजारात पिटाळायचं?"

"आणि मी तुम्हाला मामा म्हणू का दाजी?" नवल म्हणाला. "भिकुमामी माझी अक्का झाली. मग मामा अक्काचा नवरा झाला. दीपकभाऊ माझा मामेभाऊ होता, तो आता भाचा झाला..."

"थांब!" तोताराम ओरडले. "काय म्हणालास? दीपक तुझा भाचा?"

"अक्काचा मुलगा ना. भाचाच की."

तोतारामांच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. नवल जर दीपकचा मामा, तर दीपकच्या पायाला हात लावणं हे नवलचं काम नव्हे, कर्तव्य होतं! बूट घालणं, पाय धुणं, उचलणं, अंघोळ घालणं, सगळं भाच्याची सेवा म्हणून जमा होत होतं. असा हिशेब आयुष्यात पहिल्यांदाच दोन्हीकडून बरोबर आला होता. त्यांनी नवलचा हात धरला, साबणासकट, आणि त्याला दीपकच्या खोलीत नेलं. मागोमाग भिकुबाई आल्या. नवलनं पँटला हात पुसले, खाली वाकून दीपकच्या पायांवर डोकं ठेवलं आणि त्याचे बूट उचलले. भिकुबाईंनी डोळ्यांना पदर लावला.

दीपकनं पाय मागे घेतला. त्याला पाय मागे घ्यायला वेळ लागत असे, त्यामुळे ते सगळ्यांना नीट दिसलं.

"हे... नको."

"अरे, पुण्य लागतं त्याला!" तोताराम म्हणाले.

"पुण्य त्यानं... घरी जाऊन कमवावं. मला कोणाच्या... पुण्याची..."

"गरज आहे," आबांनी वाक्य पुरं केलं.

"सोय..." दीपकचा चेहरा लाल झाला होता. "सोय व्हायचं... नाही. भाचा आला... तर काम करत नाही. मामा आला... तर माझं ऐकणार नाही. असं बस, तसं खा... म्हणेल. मला तुमचा... कोणीच नको. सगळे बाहेर. नवल... तू थांब."

दार लागलं. तोताराम बाहेर कूलरजवळ बसले. कूलरच्या घरघरीत आतलं काही ऐकू येईना. मधूनच दीपकचा आवाज येई, मग मोठा खंड, मग पुन्हा आवाज. खंड पडला की तोताराम दाराकडे बघत. मुलाचं वाक्य कुठेतरी मधेच अडकलं असणार आणि ते पुरं करायला तिथे कोणी नाही. ते उठले.

"बसा," भिकुबाई म्हणाल्या.

"अगं, त्याला सांगता येत नसेल..."

"त्याला येतं. तुम्हाला थांबता येत नाही."

ते बसले. पुन्हा उठले. भिकुबाई दारापुढे वेताचा मोढा ओढून बसल्या आणि हातातली मेथी निवडू लागल्या.

"एक विचारू?" त्या जुडीकडे पाहत म्हणाल्या. "झुलालचा तुम्ही टॉवेल काढला. उखर्डूचं काहीच निघालं नाही, तर तेच काढलं. नवलचा भाचा काढला. चौथा आला असता तर त्याचंही काही काढलंच असतं ना?"

"म्हणजे काय?"

"म्हणजे पोराला उचलायचं काम तुम्हाला सोडायचं नाही."

हा आरोप आहे की कौतुक, ते तोतारामांना बायकोच्या चेहऱ्यावरून ठरवता येईना. त्यांनी कंबरेवर हात ठेवला, पट्टा चाचपला आणि हात काढून घेतला.

"मी त्याला नोकरी नको म्हणालो का कधी?"

"नाही म्हणालात."

"मग?"

भिकुबाई मेथी निवडत राहिल्या.

"तो नऊ वाजता गेला," तोताराम म्हणाले, "तर दिवसभर मी काय करू?"

"मला काय माहीत?" भिकुबाई म्हणाल्या. "मला माझंच सुचत नाहीये."

आतून नवलचं मोठ्यानं हसणं ऐकू आलं, आणि मागोमाग दीपकचंही. मग दार उघडलं. नवलच्या कपाळावर घाम होता. वर्गातून सुटलेल्या मुलासारखा तो बाहेर आला.

"मामा... दाजी... आबा. जे काय असाल ते. मला ठेवलं."

"विचारलं काय त्यानं?"

"विचारलं, मी सावकाश बोलतो, तू थांबशील का? मी म्हटलं, खरं सांगू, मला घाई असते, सवय करीन. मग विचारलं, ऑफिसातलं काही घरी सांगशील का? मी म्हटलं, मामींनी भरीत समोर ठेवलं तर खात्री देता येत नाही. मग हसले आणि म्हणाले, चालेल."

आतून दीपक बोलू लागला. तोतारामांचे ओठ हलले, पण भिकुबाईंनी त्यांच्या गुडघ्यावर मेथीची जुडी ठेवली आणि ते गप्प राहिले.

"नऊ ते सहा... तो माझा माणूस. पगार... मी देणार. सहानंतर... तुम्ही त्याच्या पाया पडा... नाहीतर त्याला... पातेली घासायला लावा. तुमचं... तुम्ही बघा."

संपूर्ण वाक्य दीपकचं होतं. तोतारामांना वाटलं, मुलाचं इतकं लांब वाक्य आपण आज पहिल्यांदाच ऐकलं.

सोमवारी रिक्षा दारात आली. तोताराम सवयीनं पुढे झाले, गुडघे वाकवले आणि दीपकच्या काखेत हात घालू लागले. नवलनं आधी त्यांच्याकडे पाहिलं नाही, दीपककडे पाहिलं.

"आबा," दीपक म्हणाला, "बाजूला."

ते बाजूला झाले. हातांचं काय करावं ते कळेना, म्हणून त्यांनी फाटक धरून ठेवलं. ते न धरताही चांगलं उघडं राहत होतं. नवलनं दीपकला उचललं, जरा तिरकं उचललं, पण रिक्षात बसवलं. खुर्ची घडी करून मागे बांधली. भिकुबाईंनी डबा दिला. इंदरचंद शेठनी भिंतीवरून हात हलवला. रिक्षा गेली.

तोताराम घरात आले. पंखा लावला, बंद केला. मग भिकुबाईंना "जरा हवा भरून येतो" म्हणाले आणि स्कूटर काढली. हवा कुठे भरायची, ते त्यांनी सांगितलं नाही. एमआयडीसीच्या रस्त्यानं रिक्षाच्या मागे ते सहजच जात राहिले. चटई कारखान्यासमोर एक चहाची टपरी होती, तिथल्या बाकावर जाऊन बसले.

पलीकडे नवल खुर्ची उघडत होता. दीपक बसला. फाटकाखालच्या लोखंडी पट्टीत पुढची चाकं अडकली. तोताराम बाकावरून अर्धे उठले. खुर्ची अशी ढकलायची नसते, उलटी करून ओढायची असते, हे ते इथून ओरडून सांगू शकले असते. पण दीपक काहीतरी बोलत होता आणि नवल वाकून ऐकत होता. वाकूनच राहिला होता. वाक्य लांब असणार. मग नवलनं खुर्ची फिरवली, उलटी ओढली आणि दोघं आत गेले. आत जाता जाता नवल काहीतरी उलटून बोलला आणि दीपकनं त्याच्या हातावर चापट मारली. ही चापट कोणी कोणाला मारली, म्हणजे भाच्यानं मामाला, की साहेबानं नोकराला, की मित्रानं मित्राला, यावर तोताराम बराच वेळ विचार करत बसले.

त्यांनी चहा सांगितला. तो अजून उकळत होता तेवढ्यात रस्ता ओलांडून नवल येताना दिसला. तोताराम उठून उभे राहिले.

"काय झालं? पडला?"

"नाही हो. साहेब म्हणाले, घरी जा."

"कोण साहेब?"

"दीपकसाहेब. तुम्ही खिडकीतून दिसता."

तोतारामांनी पलीकडे पाहिलं. तळमजल्याच्या काचेमागे कोणीतरी कॉम्प्युटरसमोर बसलेलं होतं. भाच्याचा शब्द मोडायचा नसतो. मेहुण्याचा शब्द कोणी मनावर घेत नाही. पण मुलाच्या माणसाचा शब्द कुठे ठेवायचा, हे त्यांना कोणीच शिकवलं नव्हतं.

"त्याला पाणी..."

"लागलं की सांगतात."

"मानेखाली उशी..."

"तीपण सांगितली. आबा, मला जायचंय. ते तिथे थांबलेत."

"चहा तर घे," तोताराम म्हणाले आणि टपरीवाल्याला दुसरा सांगितला. "भाचा म्हणून घे. मेहुणा म्हणून घे. तुला वाटेल तो म्हणून घे."

"सहानंतर," नवल म्हणाला. त्यानं दोन्हीकडच्या गाड्या पाहिल्या आणि रस्ता ओलांडून तो कारखान्यात गेला.

टपरीवाल्यानं दोन ग्लास समोर आणून ठेवले. तोतारामांनी ते दोन्ही, एकामागून एक, स्वतःच प्यायले आणि सांगितल्याप्रमाणे घरी गेले.